जॉन स्नो यांनी भूलशास्त्राला नेमकं काय दिलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॉलऱ्याच्या साथीत लंडनमधल्या पंपाचा दांडा काढायला लावणारे डॉ. जॉन स्नो आणि राणी व्हिक्टोरियाला बाळंतपणात क्लोरोफॉर्म देणारे स्नो एकच का? एकच असतील, तर ईथर आणि क्लोरोफॉर्म या दोन्हींचा शोध दुसऱ्यांनी लावलेला असताना भूलशास्त्राच्या पहिल्या धड्यात स्नो यांचंच नाव का येतं?

माणूस एकच. शोध त्यांचे नव्हेत, हेही खरं. ईथरची गाजलेली पहिली जाहीर भूल विल्यम मॉर्टन यांनी १६ ऑक्टोबर १८४६ ला बॉस्टनमध्ये दिली. क्लोरोफॉर्मची गुंगी जेम्स यंग सिम्प्सन यांनी एडिंबरामध्ये ४ नोव्हेंबर १८४७ च्या रात्री स्वतःवर आजमावली. स्नो या दोन्ही ठिकाणी नव्हते. पण रुग्ण ओढतोय त्या हवेत औषधाची वाफ शेकडा किती आहे, हा प्रश्न त्यांनी विचारला, त्याचं उत्तर आकड्यांत काढलं आणि तो आकडा हातात राहील असं यंत्र बनवून घेतलं. आजच्या भूलतज्ज्ञाचं अर्धं काम याच प्रश्नाभोवती फिरतं. राणीचं बाळंतपण हा त्यांच्या कामाचा सर्वांत गाजलेला भाग असला, तरी वैद्यकीयदृष्ट्या तो किरकोळच आहे. त्याकडे नंतर येतो.

ईथरची बातमी लंडनला पोचली डिसेंबर १८४६ मध्ये. १९ तारखेला दंतवैद्य जेम्स रॉबिन्सन यांनी ईथर देऊन दात काढला, २१ ला युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलात रॉबर्ट लिस्टन यांनी ईथरखाली पाय कापला, आणि पुढच्या काही आठवड्यांत जो तो ईथर देऊ लागला. गंमत अशी की जानेवारीत तेच ईथर अनेकांच्या हातात चालेना. एक रुग्ण दोन मिनिटांत शांत व्हायचा, दुसरा पंधरा मिनिटं खोकायचा, आरडाओरडा करायचा आणि शेवटी शुद्धीवरच राहायचा. रुग्णांच्या प्रकृतीत फरक असतो, असं म्हणून लोक मोकळे झाले. काही सर्जननी तर ईथर भरवशाचं नाही म्हणून सोडूनच दिलं.

स्नो तेव्हा ३३ वर्षांचे होते. यॉर्कच्या एका मजुराचा हा थोरला मुलगा. चौदाव्या वर्षी न्यूकॅसलला एका सर्जनकडे उमेदवारीला लागलेला आणि पुढे लंडनच्या सोहो भागात दवाखाना थाटून बसलेला. श्वसनाचा अभ्यास त्यांनी आधीच केला होता. जन्मतः न रडणाऱ्या बाळांना श्वास कसा द्यावा यावर त्यांनी १८४१ मध्येच वेस्टमिन्स्टर मेडिकल सोसायटीत निबंध वाचला होता. त्यामुळे ईथर पाहिल्यावर त्यांचं लक्ष रुग्णाच्या स्वभावाकडे गेलं नाही, ते गेलं बाटलीकडे.

त्या वेळचं यंत्र म्हणजे काचेचा गोळा, त्यात ईथरने भिजवलेला स्पंज आणि तोंडात धरायची नळी. द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती उष्णता द्रवातूनच जाते, माठातलं पाणी गार होतं तसं. फक्त ईथरच्या बाबतीत हे फार वेगाने घडतं. मिनिटाला ८ लिटर श्वास घेणाऱ्या माणसाला १५ टक्के ईथर द्यायचं, तर मिनिटाला १.२ लिटर वाफ लागते, म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर द्रव. एवढं ईथर उडताना १.३ किलोज्यूलच्या आसपास उष्णता खेचून घेतं. काच उष्णतेची मंद वाहक, स्पंज तर त्याहून. बाहेरून उष्णता आत येण्याआधीच स्पंज गारठतो. २० अंश सेल्सिअसला ईथरवरून गेलेल्या हवेत जास्तीत जास्त ५८ टक्के वाफ मावते, १० अंशांना ३८ टक्के, शून्य अंशाला २४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे लंडनच्या जानेवारीत गार खोलीत सुरुवात केली, की दोन-तीन मिनिटांत यंत्राचा जोर निम्म्यावर यायचा, तोही नेमका रुग्ण बडबडीच्या अवस्थेत असताना. मग तो त्याच अवस्थेत अडकून पडायचा. दोष रुग्णाच्या प्रकृतीत नसून तापमानात होता.

पहिल्यांदा ईथर पाहिल्यापासून तीन आठवड्यांच्या आत स्नो यांनी कोणत्या तापमानाला हवेत किती ईथर मावतं याचा तक्ता तयार करून सोसायटीपुढे मांडला, आणि लगेच पुढच्या आठवड्यात यंत्र दाखवलं. हे यंत्र जरा जवळून पाहण्यासारखं आहे. सुमारे २ इंच खोल आणि ४-५ इंच व्यासाचा पत्र्याचा गोल डबा. काच नाही, पत्राच, कारण पत्र्यातून उष्णता चटकन आत येते. डब्याच्या झाकणाला आतून पत्र्याचीच एक उभी पट्टी चकलीसारख्या वळणात डाखलेली, तळापासून केसभर वर. त्यामुळे आत आलेली हवा सरळ बाहेर पडू शकत नाही. तिला ईथरच्या पृष्ठावरून फेऱ्या मारत मध्यापर्यंत जावं लागतं आणि तोवर ती वाफेने पुरती भरते. हवा आत येण्याची नळीही डब्याभोवतीच गुंडाळलेली. अख्खा डबा पाण्याच्या भांड्यात ठेवायचा. गरम-गार पाणी मिसळून हवं ते तापमान आणायचं आणि थर्मामीटरने मोजायचं. पाणी उष्णतेचा साठा म्हणून काम करतं: ईथर उडत राहतं, पाणी त्याला उष्णता पुरवत राहतं आणि तापमान फारसं खाली येत नाही. हवा वळवून नेण्याची कल्पना ज्युलियस जेफ्रीज यांच्या दमट हवा देणाऱ्या यंत्रावरून घेतली आहे. हे जेफ्रीज भारतात सर्जन होते. पाण्याचं भांडं, तापमान आणि तक्ता यांची सांगड मात्र स्नो यांची. या यंत्राचं त्यांनी पेटंट घेतलं नाही. आकृती, मापं सगळं छापून मोकळे झाले. तिकडे मॉर्टन ईथरमध्ये रंग आणि सुवास मिसळून त्याला ‘लेथिऑन’ नाव देऊन पेटंटच्या मागे लागले होते. त्यापुढे हे उठून दिसतं.

तोंडाकडची बाजूही त्यांनी बदलली. आधी नळी तोंडात धरून नाकाला चिमटा लावत. शुद्ध हरपू लागली की जबडा सैल पडायचा, नळी सुटायची. स्नो यांनी फ्रान्सिस सिब्सन यांचा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मुखवटा घेतला आणि त्याला दोन झडपा बसवल्या, एक श्वास आत घेण्यासाठी, दुसरी बाहेर सोडण्यासाठी. बाहेरची झडप बाजूला सरकवता यायची. ती पूर्ण सरकवली, की रुग्णाला जवळजवळ साधी हवा मिळते. हळूहळू जागेवर आणली, तसं वाफेचं प्रमाण वाढतं. नळी रुंद हवी, हाही त्यांचा आग्रह होता. माणसाच्या श्वासनलिकेपेक्षा अरुंद नळीतून ओढायला लावलं, की रुग्ण गुदमरून धडपडतो आणि देणाऱ्याला वाटतं ही ईथरचीच धडपड. आज लहान मुलांच्या सर्किटचा, म्हणजे श्वासाच्या नळ्यांचा, अवरोध मोजताना आपण हेच तपासतो.

देण्याची रीत अशी. रुग्णाचं पोट रिकामं, पण फार उपाशी नाही. पुढच्या जेवणाची वेळ होत आली असेल तेव्हा भूल द्यावी, असं त्यांचं मत होतं. ईथर आधी पाण्याने धुऊन त्यातला अल्कोहोल काढायचा. पाण्याचं तापमान तपासायचं. मुखवटा लावताना झडप उघडी, पहिले काही श्वास जवळजवळ हवेचेच. घशाला सवय झाली की झडप थोडी थोडी मिटवायची. रुग्ण खोकला किंवा श्वास रोखू लागला, तर मागे यायचं. पापणीच्या कडेला बोट लावून पाहायचं. डोळा मिटत नसेल आणि श्वास संथ, नियमित असेल, तर सर्जनने सुरी लावावी. त्यानंतर वाफ मधूनमधून द्यायची, सतत नाही.

भूल किती खोल गेली हे ओळखण्यासाठी त्यांनी पाच पायऱ्या पाडल्या आणि १८४७ च्या शरद ऋतूत ईथरवरच्या छोट्या पुस्तकात मांडल्या. पहिल्या पायरीवर रुग्णाला वेगळं वाटतं, पण तो भानावर असतो. दुसरीत मन चालू असतं, पण विस्कटलेलं: बडबड, हसणं, रडणं, हात झटकणं. तिसरीत मन थांबतं, हेतुपूर्वक हालचाल थांबते, पण सुरी लागली तर अंग आखडू शकतं किंवा कण्हणं ऐकू येतं. चौथीत श्वासाखेरीज काहीच हलत नाही, स्नायू सैल, घोरल्यासारखा श्वास. पाचवीत श्वासच अडखळतो. ही पाचवी पायरी त्यांनी फक्त प्राण्यांवर पाहिली होती, रुग्णाला तिथे कधी न्यायचंच नाही, हा तिचा उपयोग. त्याच वर्षी प्लॉमली यांनीही पायऱ्या सांगितल्या होत्या, पण स्नो यांच्या पायऱ्या खाटेशेजारी उभं राहून ओळखता येतात. पुढे गेडेल यांचा भुलेच्या पायऱ्यांचा तक्ता आला, तोच आपण परीक्षेला पाठ करतो. गेडेल यांनी डोळ्यांच्या बाहुल्या आणि श्वासाचे स्नायू यांचा तपशील भरला. सांगाडा मात्र १८४७ चाच.

नवशिक्या रेसिडेंटला, म्हणजे शिकाऊ डॉक्टरला, यातली एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. दुसरी पायरी ही अडकायची जागा नाही, ती ओलांडायची असते. आज सेव्होफ्लुरेन या वाफेच्या भूलद्रव्यावर मूल हातपाय झाडू लागलं की घाबरून वाफेच्या प्रमाणाची डायल कमी करतात. त्याने ते मूल त्या पायरीवर आणखी रेंगाळतं आणि स्वरयंत्र आवळायची भीती वाढते.

आता क्लोरोफॉर्म. सिम्प्सन यांनी ते रुमालावर ओतून द्यायला सांगितलं आणि ते वाऱ्यासारखं पसरलं: वास बरा, यंत्र नको, थेंब थोडे, परिणाम झटपट. २८ जानेवारी १८४८ ला न्यूकॅसलजवळच्या विनलटन गावात हॅना ग्रीनर नावाची १५ वर्षांची मुलगी दगावली. पायाच्या बोटाचं नख काढायचं होतं. त्याआधी दुसऱ्या बोटाच्या वेळी तिने ईथर घेतलं होतं, तेव्हा काही झालं नव्हतं. या वेळी चमचाभर क्लोरोफॉर्म कापडावर ओतून नाकापाशी धरलं. अर्ध्या मिनिटात नखाभोवती छेद दिला, तिने झटका दिला, ओठ पांढरे पडले, आणि सगळं मिळून तीन मिनिटांच्या आत संपलं. शुद्धीवर आणायला पाणी आणि ब्रँडी तोंडात घातली होती. सिम्प्सन म्हणाले, ती त्यानेच गुदमरली. स्नो यांनी ते मान्य केलं नाही, आणि का केलं नाही ते समजायला थोडं गणित करावं लागतं.

एक मिलिलिटर क्लोरोफॉर्मची खोलीच्या तापमानाला सुमारे ३०० मिलिलिटर वाफ होते. ४ टक्के मिश्रण हवं असेल, तर ही वाफ साडेसात लिटर हवेत पसरायला हवी. साधा श्वास अर्ध्या लिटरचा धरला तर हे पंधरा श्वास झाले. आता चमचाभर म्हणजे साडेतीन मिलिलिटर एका घडीवर ओतलं आणि कापड नाकाला टेकवलं, तर काय होईल? २० अंशांना क्लोरोफॉर्मवरच्या हवेत २१ टक्क्यांपर्यंत वाफ मावते. कापडाच्या अगदी जवळ ओढलेल्या श्वासात ८-१० टक्के सहज येतात. घाबरलेली मुलगी हुंदका देऊन खोल श्वास घेते, आणि फुप्फुसातून निघालेलं ते गच्च भरलेलं रक्त पहिल्यांदा कुठे जातं? डाव्या हृदयात, आणि तिथून पहिल्या फांद्यांतून हृदयाच्याच स्नायूत. उरलेल्या शरीरात मिसळून पातळ व्हायला त्याला वेळच मिळत नाही. पुढचा धोका असा, की रुमाल काढला तरी फुप्फुसात राहिलेली वाफ रक्तात शिरतच राहते. म्हणजे चूक लक्षात येईपर्यंत मात्रा पुढे निघून गेलेली असते.

स्नो यांनी हे प्राण्यांवर पडताळलं. मोजलेल्या हवेच्या काचेच्या भांड्यात मोजलेलं क्लोरोफॉर्म. ४-५ टक्क्यांपर्यंत ठेवलं, तर आधी श्वास थांबतो आणि हृदय त्यानंतरही काही काळ चालत राहतं. म्हणजे मदत करायला वेळ मिळतो. ८-१० टक्के झाले, की हृदय श्वासाबरोबर किंवा त्याच्याही आधी थांबतं. एकूण किती क्लोरोफॉर्म दिलं यापेक्षा ते किती दाट दिलं, यावर मरण ठरतं, हा त्यांचा निष्कर्ष. पुढे त्यांनी छापील बातम्या आणि पत्रव्यवहारातून क्लोरोफॉर्मच्या ५० मृत्यूंची एकेक करून छाननी केली. त्यातला ठसठशीत मुद्दा: बहुतेक मृत्यू लांब, मोठ्या शस्त्रक्रियांत झाले नव्हते. ते भूल सुरू होता होता, किरकोळ कामासाठी, रुमालावर झाले होते.

मग त्यांनी क्लोरोफॉर्मचं वेगळं यंत्र केलं. धातूच्या दोन नळकांड्या एकात एक, मधल्या जागेत थंड पाणी, आतल्या नळकांड्यात टीपकागदाचं अस्तर, त्यावर क्लोरोफॉर्म. मुखवटा पातळ शिशाच्या पत्र्याचा, चेहऱ्याप्रमाणे दाबून बसवता येणारा, झडपा रबराच्या. पाण्याचा वेढा दोन्ही यंत्रांत आहे, पण त्याचं काम उलटं आहे. ईथरच्या यंत्रात पाणी द्रवाला गारठू देत नाही. क्लोरोफॉर्मच्या यंत्रात ते द्रवाला तापूही देत नाही, अगदी हाताच्या उबेनेसुद्धा. १० अंशांच्या पाण्यात क्लोरोफॉर्मची वाफ १३ टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही, त्यातून झडपेने हवा मिसळली की ४-५ टक्क्यांवर स्थिर ठेवता येते. मोजलेल्या हवेने भरलेल्या मोठ्या पिशवीत मोजलेलं क्लोरोफॉर्म टाकून नेमकं ४ टक्के देणंही त्यांनी करून पाहिलं. पण एवढी पिशवी घरोघर नेणं अडचणीचं, म्हणून सोडलं. १८६२ मध्ये जोसेफ क्लोव्हर यांनी तीच कल्पना कोटाच्या पाठीवर लटकणाऱ्या पिशवीत आणली आणि पुष्कळ वर्षं यशस्वीपणे वापरली.

रक्तात शेवटी किती क्लोरोफॉर्म लागतं याचाही हिशेब त्यांनी मांडला: प्रौढ माणसाच्या दुसऱ्या पायरीला सुमारे १२ मिनिम, तिसरीला १८, चौथीला २४. एक मिनिम म्हणजे ०.०६ मिलिलिटर. म्हणजे शस्त्रक्रियेपुरती भूल जेमतेम एका मिलिलिटरवर येते. रक्ताच्या एकूण प्रमाणाचा त्यांचा अंदाज आज आपण धरतो त्यापेक्षा मोठा होता, पण पद्धत बरोबर होती. हॅनाच्या कापडावर साडेतीन मिलिलिटर ओतलं होतं, हे शेजारी ठेवून पाहावं.

इथे राणीचं प्रकरण येतं, कारण रुमालाच्या विरोधात एवढं लिहिणाऱ्या माणसाने ७ एप्रिल १८५३ ला प्रिन्स लिओपोल्डच्या जन्माच्या वेळी क्लोरोफॉर्म दिलं ते रुमालावरच. यात विसंगती वाटते, पण आकडे पाहा. प्रत्येक कळेला १५ मिनिम, म्हणजे ०.९ मिलिलिटर, त्याची वाफ २७० मिलिलिटरच्या आतबाहेर, त्यातली निम्मीअधिक खोलीत जाणार. कळ ओसरली की रुमाल बाजूला. असं ५३ मिनिटं चाललं. राणी पहिल्या पायरीच्या पुढे गेलीच नाही. तिला बेशुद्ध करायचंच नव्हतं, कळेची धार बोथट करायची होती. मात्राच एवढी लहान, की रुमालाला चूक करायला वाव उरला नाही. १८५७ मध्ये प्रिन्सेस बिआट्रिसच्या वेळी त्यांनाच पुन्हा बोलावलं. या दोन प्रसंगांनी बाळंतपणात वेदना शमवण्याबद्दलचा धार्मिक आणि वैद्यकीय विरोध बराच नरमला, हे खरं. पण शास्त्र म्हणून त्यात नवं काही नव्हतं.

खरं नवं होतं ते १८४८ ते १८५१ या काळात छापलेल्या, वाफेने येणाऱ्या गुंगीवरच्या लेखमालेत. तिथे त्यांनी ईथर-क्लोरोफॉर्मबरोबर ब्रोमोफॉर्म, बेंझीन, कार्बन डायसल्फाइड अशी डझनभर द्रव्यं तपासली आणि रक्तात जे द्रव्य कमी विरघळतं ते गुंगीसाठी रक्तात कमीच लागतं, असा संबंध दाखवला. आज आपण रक्त-वायू विद्राव्यता म्हणतो: ईथर १२, सेव्होफ्लुरेन ०.६५. ईथरने झोपायला आणि उठायला वेळ का लागतो आणि सेव्होफ्लुरेनने का लागत नाही, ते या दोन आकड्यांतच आहे. शिवाय ही द्रव्यं शरीरात जळत नाहीत, बहुतांशी जशीच्या तशी श्वासावाटे बाहेर पडतात, हेही त्यांनी दाखवलं. त्यासाठी उच्छ्वास परत आत घ्यायचा, त्यातला कार्बन डायऑक्साइड कॉस्टिक पोटॅशने शोषायचा आणि ऑक्सिजन भरत राहायचा, असा प्रयोग त्यांनी स्वतःवर केला. गुंगी लांबली, कारण वाफ बाहेर जातच नव्हती. कार्बन डायऑक्साइड शोषणारं सोडालाइम वापरून असं बंद सर्किट नेहमीच्या कामात आलं ते राल्फ वॉटर्स यांच्यामुळे, १९२० च्या दशकात.

स्नो चुकलेच नाहीत, असं नाही. १८५६ च्या शेवटी त्यांनी अॅमिलीन हे नवं द्रव्य आणलं. घशाला कमी झोंबणारं, उलट्या कमी. २३८ जणांना दिलं, त्यांतले दोघे दगावले. दुसऱ्या मृत्यूनंतर त्यांनी ते कायमचं बंद केलं आणि दोन्ही मृत्यू तपशिलासकट छापले. दुसरी अपुरी राहिलेली बाजू क्लोरोफॉर्मचीच. दाट वाफ हृदय बंद पाडते हे बरोबर होतं, पण काही मृत्यू पातळ वाफेवरही, अर्धवट भुलेत होत. त्याचं कारण १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवलं: हलक्या क्लोरोफॉर्मखाली अॅड्रेनलिन उसळलं, की हृदयाचे कप्पे नुसते थरथरू लागतात. भेदरलेला रुग्ण, उथळ भूल आणि सुरीचा पहिला स्पर्श, असा तो योग. हॅनाच्या बाबतीत यातलं नेमकं कोणतं घडलं, हे आज सांगता येणार नाही. माझा कौल दोन्हींच्या मिश्रणाला आहे.

मधल्या काळात आपल्याकडे एक मोठा वळसा पडला, तो या विषयाच्या इतिहासात सहसा दोन ओळींत गुंडाळतात. हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी हे एडिंबराच्या परंपरेतले: कापडाच्या उघड्या टोपीवर क्लोरोफॉर्म द्या, श्वासावर लक्ष ठेवा, नाडीकडे बघू नका. निजाम महबूब अली खान यांनी पैसा दिला, १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसलं. दुसऱ्या वेळी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाठवलं. शेकडो कुत्री आणि माकडं यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष: नेहमी श्वासच आधी थांबतो, हृदय नंतर. म्हणजे स्नो यांच्या बरोबर उलट. मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. त्या मुलखात लॉरींचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. हैदराबादच्या मेडिकल स्कूलमध्ये शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी त्याच काळात तिथे क्लोरोफॉर्म देत. जगातल्या पहिल्या भूलतज्ज्ञ स्त्रियांत त्यांची गणना होते.

लॉरींचा नियम निम्मा चांगला होता. श्वासावर सतत नजर ठेवल्याने पुष्कळ जीव वाचले असतील. पण ‘हृदयाची काळजी नको’ हा उरलेला निम्मा भाग घातक ठरला, आणि लेव्हींनी दाखवलेला धोका खोल भुलेतल्या कुत्र्यात सापडणारच नव्हता. हवामानाचाही हिशेब इथे करायला हवा. ईथर ३४.६ अंशांना उकळतं. हैदराबाद किंवा औरंगाबादच्या मे महिन्यात ते बाटलीचं बूच काढताच फसफसून उडतं, तेव्हा आपल्याकडे क्लोरोफॉर्म रुजलं यात नवल नाही. पण ३५ अंशांना क्लोरोफॉर्मवरही ३९ टक्क्यांपर्यंत वाफ जमते, लंडनच्या गार खोलीतल्या तिप्पट. उघड्या टोपीवरून, पंख्याच्या वाऱ्यात यातली बरीच उडून जाते, म्हणून ते निभावत होतं. तीच टोपी घट्ट धरली, की गणित बदललं.

कॉलऱ्याचा धागा इथेच जुळतो, तो वेगळा विषय नाही. साथ दूषित हवेतून पसरते, असं तेव्हा सगळे मानत. वायू पसरताना किती झपाट्याने पातळ होतो, हे स्नो रोज मोजत होते. दुरून आलेली दुर्गंधी एका घराला मारते आणि शेजारच्याला सोडते, हे त्यांच्या हिशेबात बसेना. शिवाय रोग श्वासातून शिरला असता, तर आधी सगळ्या अंगात लक्षणं दिसायला हवीत. कॉलऱ्याची सुरुवात तर पोटातून होते. म्हणून ते पाण्याकडे वळले. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा सप्टेंबर १८५४ मध्ये निघाला, पण वजनदार पुरावा दुसराच होता. दक्षिण लंडनमध्ये एकाच गल्लीत दोन कंपन्यांचं पाणी येत असे. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत सदर्क अँड व्हॉक्सॉलच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू, थेम्स नदीच्या वरच्या अंगाचं पाणी घेणाऱ्या लॅम्बेथच्या १०,००० घरांमागे ३७.

१० जून १८५८ ला क्लोरोफॉर्मवरचं मोठं पुस्तक लिहीत असताना त्यांना पक्षाघात झाला आणि १६ तारखेला ते गेले, वयाच्या ४५ व्या वर्षी. पुस्तक त्यांचे मित्र बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन यांनी त्याच वर्षी छापून आणलं. १८४८ पासूनच्या त्यांच्या केसबुक आजही लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सकडे आहेत.

आता आजच्या ऑपरेशन थिएटरात यातलं काय उरलंय ते पाहू. ज्यांनी ग्रामीण रुग्णालयात ईएमओ हे ईथरचं यंत्र हाताळलंय, त्यांनी स्नो यांचाच डबा हाताळलाय: १९५० च्या दशकात ऑक्सफर्डला बनलेलं, भोवती पाण्याचा वेढा, जोडीला तापमानाप्रमाणे आपोआप उघडमीट करणारी झडप. ते कोरडं वापरलं, पाणी भरायचं राहिलं, तर दहा-पंधरा मिनिटांत रुग्ण हलू लागतो, १८४७ च्या जानेवारीत हलत होता त्याच कारणाने. आजच्या व्हेपोरायझरमध्ये, म्हणजे द्रवाची वाफ करून मोजून देणाऱ्या यंत्रात, पाण्याच्या जागी जाड धातूचा ठोकळा आहे आणि झडपेच्या जागी दोन धातूंची जोडपट्टी.

स्नो यांचा तक्ता आजही सर्वांत जास्त उपयोगी पडतो, तो चुकीचं द्रव्य भरलं गेल्यावर. सेव्होफ्लुरेनची २० अंशांना कमाल वाफ २१ टक्के, योगायोगाने क्लोरोफॉर्मइतकीच. आयसोफ्लुरेन या दुसऱ्या भूलद्रव्याची ३१ टक्के. सेव्होफ्लुरेनच्या व्हेपोरायझरमध्ये चुकून आयसोफ्लुरेन भरलं आणि डायल २ वर ठेवली, तर कप्प्यातून जाणारी तेवढीच हवा आता सुमारे पावणेदोन पट वाफ घेऊन निघते, म्हणजे ३.४ टक्क्यांच्या आसपास. प्रौढाला आयसोफ्लुरेन लागतं १.१५ टक्के. डायलवर २, म्हणजे सेव्होफ्लुरेनची एकपट मात्रा, दिसत असताना रुग्णाला जवळजवळ तिप्पट मात्रा जाते. रक्तदाब कोसळतो आणि कारण डायलवर सापडत नाही. म्हणून बाटलीच्या गळ्याला त्या-त्या द्रव्याचीच खाच असते, आणि ती जोडणी मोडलीय म्हणून फनेलने भरायची सवय ज्या थिएटरात आहे, तिथे वायू विश्लेषकावर द्रव्याचं नाव आणि टक्के वाचल्याशिवाय मास्क रुग्णाच्या तोंडाला लावू नये.